पागडी गेली, सवय राहिली

गेल्या महिन्यात भिवंडीतला एक लूम कामगार माझ्याकडे आला. खोली सोडून चार महिने झाले, पण २५ हजारांचं डिपॉझिट काही मिळेना. मालकाचं एकच पालुपद, "नवा भाडेकरू आला की देतो." करारनामा नाही, पावतीही नाही.

मित्रांनो, ही बिनकागदी देवघेव कुठून आली?

पहिल्या महायुद्धात मुंबईत घरभाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा. त्याच्या कलम १८ नुसार प्रमाणित भाड्यावर पागडी किंवा डिपॉझिट घेणं हा गुन्हा होता, त्याला कैदेची शिक्षा होती. पण भाडी गोठली आणि घरांची टंचाई तशीच राहिली. पागडी थांबली नाही, फक्त रोखीत गेली. घेणंच गुन्हा म्हटल्यावर पावती कोण फाडणार?

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या कलम ५६ ने पागडी आणि डिपॉझिट दोन्ही कायदेशीर केलं. पण डिपॉझिट जास्तीत जास्त किती घ्यावं आणि किती दिवसांत परत करावं, यावर कायदा गप्पच. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना. राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही.

गंमत बघा. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क काढताना सरकार डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं. म्हणजे आपल्या पैशावर मालक कमावतो, हे सरकारच्या हिशोबात आहे. तो पैसा परत कधी मिळणार, हे मात्र नाही.

तरी कलम ५५ भाडेकरूच्या बाजूचं आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

हे कलम लिहून त्या कामगाराने मालकाला नोटीस पाठवली. आठवड्यात दहा हजार आले. पंधरा अजून बाकी आहेत.

तेव्हा डिपॉझिट बँकेतूनच द्या. आणि चावी परत करताना हिशोब कागदावर घ्या, तोंडी नको.