६१७४ कोणी वाचलं?

कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. गाडी चालवत असाल तर नका घेऊ, घरी गेल्यावर करा.

चार आकडी कुठलीही संख्या धरा, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. कुठूनही सुरुवात करा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचता.

हे शोधलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. त्यांच्या एका संख्याप्रकाराचं नाव ‘डेम्लो’, आणि ते डोंबिवली स्टेशनावरून पडलंय! (डोंबिवलीकर श्रोत्यांनी आता कॉलर ताठ करायला हरकत नाही.) ६१७४वरचं त्यांचं टिपण १९५५ साली न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापून आलं. देशातल्या बड्या गणितींनी त्यांच्या कामाकडे फारसं लक्ष दिलं नाही.

कापरेकर आज आठवले ते माझ्या भाचीमुळे. ती इथे पीएचडी करते. थँक्सगिव्हिंगला घरी आली, तर ताटावरही फोन हातात. तिचा पहिला पेपर नुकताच निघालाय, आणि त्याच्या पानावर एक रंगीत कडं दिसतं, मध्ये आकडा. “मामा, काल अकरा होते, आज चौदा!” पुढे नोकरीच्या अर्जात हा आकडा घालावा का, असा तिचा प्रश्न होता. मी पोटासाठी कंपन्यांना डॅशबोर्ड करून देतो, म्हणून मला विचारलं.

या मोजणीचा उगमही १९५५चाच. त्या जुलैत यूजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स’मध्ये कल्पना मांडली, की कुठल्या पेपरने कुठल्या पेपरचा संदर्भ घेतला याची सूची करावी. म्हणजे एखाद्या विचाराचं पुढे काय झालं याचा माग काढता येईल. न्यू जर्सीकरांनो, या गृहस्थांचा धंदा तुमच्याच राज्यात, कोंबड्यांच्या एका जुन्या खुराड्यात सुरू झाला. पुढे फिलाडेल्फियातून त्यांनी ६१३ नियतकालिकांची पहिली मोठी सूची काढली. गूगल ज्यावर उभं राहिलं, ती दुव्यांवरून पानाचं वजन ठरवण्याची युक्तीही याच कुळातली.

पण संदर्भ साचायला वर्षं लागतात. म्हणून २००९मध्ये ‘प्लॉस’ने एकेका पेपरची पानं किती उघडली, किती उतरवून घेतली हे दाखवायला सुरुवात केली. २०१०मध्ये जेसन प्रीम आणि तीन सहकाऱ्यांनी ‘ऑल्टमेट्रिक्स’चा जाहीरनामा लिहिला. बातम्या, ब्लॉग, ट्विटं, विकिपीडिया, सगळं मोजा. पुढच्याच वर्षी लंडनला ऑल्टमेट्रिक ही कंपनी निघाली. भाचीच्या फोनवरचं कडं त्यांचंच. त्यात प्रत्येक उल्लेखाचं वजन सारखं नसतं. बातमीला ८, ब्लॉगला ५ असा हिशेब बरीच वर्षं चालला. ट्विटाला अगदी किरकोळ.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. डॅशबोर्ड पाहताना मी आधी विचारतो, हा आकडा भरतो कोण? इथे तो भरतो दुवा. पेपरला कायमचा डीओआय क्रमांक असतो, आणि कोणी त्याकडे दुवा दिला तर यंत्राला कळतं. बातमीत दुवा नसला तरी लेखकाचं आणि नियतकालिकाचं नाव असेल तर जुळवून पाहिलं जातं. पण कोणी वर्गात फळ्यावर ६१७४ करून दाखवलं, तर कडं जागचं हलत नाही. आणि उतरवून घेतलेला पेपर वाचलाच, असंही नाही. माझ्या लॅपटॉपवर अशा फायलींचं गोदाम आहे.

कापरेकरांच्या टिपणाला १९५५ साली असं कडं असतं, तर सुरुवातीची कित्येक वर्षं ते फिकटच राहिलं असतं. मग मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधलं आपलं सदर कापरेकरांवर लिहिलं, आणि सत्तरीतले मास्तर जगभर माहीत झाले. वीस वर्षांनी! योगायोग पाहा, नियतकालिकांना ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ लावणारा गारफील्ड यांचा अहवालही पहिल्यांदा १९७५मध्येच निघाला. आज ६१७४वर व्हिडिओ आहेत, प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना तो स्वाध्याय म्हणून मिळतो. त्यातल्या किती जणांनी मूळ टिपण पाहिलं असेल? मीही पाहिलेलं नाही.

भाचीला म्हटलं, अर्जात आकडा घाल, पण त्याखाली लिही, कोणी उल्लेख केला आणि कशासाठी. चौदातले आठ एकाच बातमीचे असतील, तर ती बातमी कुठली ते सांग. तिने तोंड वाकडं केलं. मग विचारलं, “ते कापरेकर म्हणजे नक्की काय करायचं?”

तिच्या जन्मसालापासून सुरुवात केली, १९९८. पेपर नॅपकिनवर, क्रॅनबेरी सॉसचा डाग चुकवत. तिसऱ्या वजाबाकीला पोचली.