ऑक्सिजन सेन्सर : बदलण्यापूर्वी तपासा

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि पेट्रोल अधिक लागू लागले, की गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सरचे नाव हमखास पुढे येते. दोष मात्र दर वेळी त्याचाच असतो असे नाही.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, हे सेन्सर इंजिनाच्या संगणकाला कळवतो. त्यावरून इंधनाचे प्रमाण ठरते. प्रचलित झिर्कोनिया सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपुढे तापल्यावरच नीट काम करतो. गरम इंजिनावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडील अशा सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ या दरम्यान सतत वरखाली व्हावयास हवे. कन्व्हर्टरच्या पलीकडील सेन्सरचे व्होल्टेज जवळपास स्थिरच असते. हा फरक ठाऊक नसल्यास धडधाकट सेन्सरही बाद ठरतो.

स्कॅनरवर दिसणारा ‘पी ०१३५’ हा कोड सेन्सरमधील हीटरच्या मंडलाचा. फ्यूज उडाला वा तार तुटली तरी तोच येतो. ‘पी ०१७१’ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. एक्झॉस्टच्या नळीला सेन्सरअलीकडे भेग असल्यास बाहेरची हवा आत शिरते आणि बिचारा सेन्सर तिचीच वर्दी देतो. अशा वेळी नवा सेन्सर बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

बदलणे अटळच असेल तर त्याच मॉडेलसाठीचा भाग घ्यावा. बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. नळी हाताला सोसेल इतपत कोमट असताना तो सैल करावा. आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचे खास ग्रीस टोकाला मुळीच लागू देऊ नये.