पाणी कापतं की वाळू?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी गुडघ्याने फारच छळलं. नाशिकच्या वहिनींनी फोनवर विचारलं, "ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला हो. विषय डोक्यात होता, पण त्याची सुरुवात कुठून करावी हे कळत नव्हतं. शेवटी ठरवलं, स्वतःच्या चुकीपासूनच करावी.

१९८६ साली आठवीची सहल घेऊन आम्ही निघोजला गेलो होतो. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. काळा कठीण बसाल्ट आणि त्यात कुंभाराने घडवल्यासारखे गोल, खोल रांजण. मी इतिहास शिकवणारी. खडकावर उभी राहून मुलांना छान व्याख्यान दिलं. पाणी किती मऊ, दगड किती कठीण, पण चिकाटीने पाणी दगडालाही हरवतं, म्हणून तुम्हीही चिकाटीने अभ्यास करा वगैरे. मुलं माना डोलवत होती. एक मुलगा मात्र कोरड्या खळग्यात उतरला, तळाशी हात घालून मूठभर गोल गोटे वर घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पाण्याने नाही, ह्यांनी कोरलंय. पाणी नुसतं फिरवतं." मी त्याला "शहाणपणा नको, वर ये आधी" म्हणून गप्प केलं. मुलं हसली.

बरोबर तोच होता. पुराच्या भोवऱ्यात गोटे आणि वाळू गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक झिजवतात. पाणी हे फक्त हात, हत्यार दगडाचंच.

हा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि भोसरीत त्याचं वॉटरजेट कटिंगचं छोटं शॉप आहे. गेल्या महिन्यात तो गाडी घेऊन आला आणि "बाई, चला, एकदा बघाच" म्हणून मला घेऊन गेला. पाण्याच्या हौदावर बोटभर जाडीची पोलादी प्लेट ठेवलेली. वरून पेन्सिलीसारखी नळी सरकत होती आणि ती जिथे जिथे जाई तिथे प्लेट कापली जात होती. ठिणगी नाही, धूर नाही. आवाज मात्र असा की कानात बोळे घालूनही दाताला झिणझिण्या आल्या. कापलेला तुकडा त्याने हातात दिला. कोमट म्हणावा इतकाही गरम नव्हता!

घरी आल्यावर जुनी सवय उचल खाऊ लागली. हे सुरू कधी झालं? कोणी केलं? नातवाने इंटरनेटवर शोधून दिलं, काही पुस्तकं मिळवली, आणि महिनाभर मी त्यातच होते.

दाबाखालच्या पाण्याचं हत्यार मोठ्या प्रमाणावर वापरलं ते कॅलिफोर्नियात, सोन्यासाठी. १८५३ साली नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसन नावाच्या खाणकऱ्याने कापडी पाइपाच्या तोंडाला निमुळती धातूची नळी बसवली आणि उंचावरून आणलेल्या पाण्याचा झोत टेकडीवर सोडला. टेकडी वितळल्यासारखी खाली आली. महिन्याचं काम दिवसांवर आलं. पुढे पुढे तोफेएवढी मोठी नळकांडी आली. डोंगरच्या डोंगर धुऊन काढले गेले. सोनं चिमूटभर आणि गाळ मात्र डोंगराएवढा, आणि तो सगळा गेला नद्यांत. युबा नदीचं पात्र इतकं वर आलं की खालच्या मेरीसव्हिल गावाला बांध घालून त्याच्या आड राहावं लागलं. १८७५ च्या पुरात तेही पुरलं नाही. शेतांवर गाळाचे थर बसले, पिकाच्या जमिनी गेल्या. शेवटी वुडरफ नावाच्या जमीनमालकाने खाण कंपनीवर दावा लावला आणि १८८४ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला: गाळ नदीत सोडायचा नाही. खाणकामावर सरळ बंदी नव्हती, पण गाळ टाकायला जागा नाही म्हटल्यावर धंदा बसलाच. सोन्यापुढे शेतकऱ्याचं म्हणणं टिकलं, हे त्या काळात किती वेळा घडलं असेल? मी पंचवीस वर्षं नववी-दहावीला अमेरिका शिकवली, हा निकाल मला माहीत नव्हता.

असो. तो झोत फोडणारा होता, कापणारा नव्हे. कापण्याची गोष्ट विसाव्या शतकातली. १९३३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये सरकता कागद पाण्याच्या बारीक धारेने कापायचं यंत्र झालं. मग नॉर्मन फ्रान्झ आले. हे गृहस्थ वनशास्त्राचे अभियंते. त्यांना लाकूड कापायचं होतं, तेही भुसा न पाडता. पाण्याच्या स्तंभावर जड वजन टाकून ते पाणी बारीक भोकातून बाहेर काढायचं, असा त्यांचा प्रयोग. क्षणभर प्रचंड दाब मिळे, लाकूड कापलं जाई, पण तो दाब टिकवता येईना. सत्तरच्या दशकात पंप सुधारले आणि पुठ्ठा, कागदाच्या नळ्या असल्या गोष्टी पाण्याने कापणं कारखान्यांत सुरू झालं.

हा दाब म्हणजे किती? गाडीच्या टायरात तीस-पस्तीस पीएसआय असतो. इथे साठ हजार! समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशी असतो त्याच्या जवळजवळ चौपट. युक्ती मात्र शाळेतल्या पास्कलच्या नियमाचीच: मोठ्या दट्ट्यावर तेलाचा दाब द्यायचा आणि त्याला जोडलेल्या, वीसपट कमी क्षेत्रफळाच्या दट्ट्याने पाणी दाबायचं, की दाब वीसपट होतो. ते पाणी मग केसाच्या दोन-चार पट रुंदीच्या भोकातून सुटतं, आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने.

तरीही नुसतं पाणी म्हणजे मऊ गोष्टींचंच काम. फोम, रबर, पुठ्ठा, लहान मुलांचे डायपर, बेकरीतला केकसुद्धा त्याने कापतात. लोखंडापुढे ते हरायचं. ही अडचण सोडवली मोहम्मद हशीश यांनी. मूळचे इजिप्तचे, अमेरिकेत फ्लो कंपनीत संशोधक. १९७९ पासून त्यांनी धारेत कठीण कण मिसळायचे प्रयोग केले. धार इतक्या वेगाने जाते की बाजूच्या नळीतले कण ती स्वतःच ओढून घेते. १९८३ साली असं यंत्र मोटारींच्या काचा कापायला लागलं. एक कटकट होती: जे कण पोलाद खातात ते नळीही खातात! सुरुवातीला नळी काही तासांतच झिजे; नव्वदच्या दशकात जास्त टिकाऊ कार्बाइड निघालं तेव्हा हे यंत्र लहान शॉपना परवडू लागलं.

आणि हे कण कसले? गार्नेटचे. आपल्या नवरत्नांतला गोमेद ज्या कुळातला, तेच कूळ. ज्या भोकातून पाणी सुटतं तेही माणिक, नीलम नाहीतर हिऱ्याचं असतं. म्हणजे यंत्रात शनी, राहू सगळे बसलेत, असं मी म्हटलं तर तो हसला आणि म्हणाला, "म्हणून तर हात घालायचा नाही, बाई." गंमत नव्हे ती. धारेने टाचणीएवढं भोक पडतं, आत मात्र बरंच काही फाटतं, पाणी खोलवर शिरतं. जखम कितीही लहान दिसली तरी तडक हॉस्पिटल, असं त्याने आपल्या पोरांना बजावून ठेवलंय.

टायटॅनियम, ग्रॅनाइट, विमानाला लागणारं कार्बन फायबर, सगळं कापतं. उष्णता नसल्यामुळे कडेचा धातू बिघडत नाही. लेझरपेक्षा वेळ मात्र जास्त लागतो. आणि टफन केलेली काच कापता येत नाही. तिच्यात ताण भरलेला असतो, धार लागताच चुरा होतो.

निघताना मी तो विषय काढला. म्हटलं, "निघोजला तू बरोबर होतास, मी तुला सगळ्यांसमोर गप्प केलं." त्याला खळग्यातले गोटे आठवत होते, मी ओरडल्याचं नाही. की नाही असं नुसतं म्हणाला, कोण जाणे.

हौदाच्या तळाशी राखाडी-लाल चिखल साचला होता, गार्नेट आणि धातूची पूड. मी विचारलं, "ह्याचं काय करतोस?"

"पोत्यांत भरून ठेवतो. नेणारा ठरलेला आहे."

"तो कुठे टाकतो?"

तो जरा थांबला. "खरं सांगू का बाई, कधी विचारलं नाही."

मी त्याला मेरीसव्हिलची गोष्ट आता फोनवर सांगितली आहे. विचारून कळवतो म्हणालाय. अजून फोन आलेला नाही.