विकासवाडी

पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवण्याचा एकात्मिक शिक्षणाचा प्रयोग. ताराबाई मोडक (1892–1973) आणि अनुताई वाघ (1910–1992) यांनी तो कोसबाडच्या टेकडीवर (ता. डहाणू, तेव्हा ठाणे जिल्हा, 2014पासून पालघर) वारली वस्तीत उभा केला.

ताराबाईंचा पिंड भावनगरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या सहवासात घडला. दोघांनी 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. शहरी बालमंदिरे चांगली चालत होती. पण माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून 1945मध्ये ताराबाईंनी कोसबाडजवळच्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. साधनांचा प्रश्न शिंपले, बिया, खडे आणि पाने यांनी सुटला. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. आधी तोंड-हात धुणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी असा तिथला क्रम असे. 1957मध्ये केंद्र कोसबाडला आले.

टेकडीवरचा पेच वेगळा होता. मूल शाळेत टिकत नसे, याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधण्याची सवय तेव्हाही होती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. खरे कारण घरात होते. आई-बाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येई आणि मुलगा गुरांमागे जाई. शाळेसाठी भावंडाला घरी टाकून ये, असे त्या मुलीला सांगणे व्यर्थ होते. विकासवाडीने भावंडालाही आत घेतले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली पहिली-दुसरीच्या वर्गात, अशी सोय झाली. बालवाडीतून वर सरकणाऱ्या मुलाला जागा, बाई आणि सोबती ओळखीचे असल्याने पहिलीचा धसका राहत नसे. घरची बोली वारली आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, हे अंतरही लहानपणापासूनच्या गाण्या-गोष्टींत पुष्कळसे कापले जाई.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन चराईच्या जागी जात आणि झाडाखाली वर्ग भरे. गुरे नजरेच्या टप्प्यात असल्याने मुलांचे कामही अडत नसे. पाने, खडे, पाखरे हा परिसरच अभ्यासाचा विषय होई. गणित आणि निसर्ग यांचे तास वेगळे पाडण्याची गरज उरत नसे. कुरणशाळेचे कौतुक फार झाले, ते साहजिकच आहे. तरी पाळणाघर आणि वर्ग शेजारी आणणे ही प्रयोगातली अधिक मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. दिवसा न येणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही चालत.

ताराबाईंना 1962मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाईंच्या पश्चात अनुताईंनी काम सांभाळले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे पुस्तक या वाटचालीचे आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975मध्ये सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. मात्र विकासवाडीत झाली तशी जोड इथे झाली नाही; अंगणवाडीचा कारभार एका खात्याकडे आणि प्राथमिक शाळेचा दुसऱ्या खात्याकडे राहिला. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतचा एकच पायाभूत स्तर मानला आहे. तीन वर्षांखालच्या भावंडाला सांभाळण्याची सोय त्या स्तरात येत नाही.