धूर, आग आणि फिएटचा कार्बोरेटर

अनुमान म्हटलं की न्यायशास्त्रातला डोंगर आणि त्यावरचा धूर आठवतो. आज आम्ही त्याऐवजी जुन्या फिएटचं बॉनेट उघडणार आहोत.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट पुढे ‘पद्मिनी’ झाली. पेट्रोल चढवायला तिच्या इंजिनावरच डायफ्रॅमचा पंप असे. मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणत. वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही. ती अल्बर्ट चॅम्पियन या माणसाची आद्याक्षरं! अशा पंपाचा दाब जेमतेम ३-४ पौंडांचा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते.

आता मे महिना धरा, रोहणा ते आर्वी रस्ता, पारा ४५ वर. थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होईना. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या उलट. ओव्हरफ्लो झाला असेल तर पेट्रोल जास्त. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ अडकली असेल तर पेट्रोल पोचतच नाही. उपायही उलटे. पहिल्यात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून स्टार्टर मारायचा. दुसऱ्यात पंपावर ओलं फडकं. निदान चुकलं तर बॅटरी उतरते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत असेल तर आगच लागायची.

जाणता मिस्त्री म्हणून आधी प्लग काढी. ओला म्हणजे पेट्रोल जास्त, कोरडा म्हणजे पोचलंच नाही. नैयायिक याला लिंग म्हणतील. नुसता वास मात्र फसवा, त्यांच्या भाषेत व्यभिचारी हेतू, कारण डायफ्रॅम फाटला तरी वास येतोच.

प्लग ओला निघाला तरी दोष सुईचा की पंपाचा, हे ठरायचं राहतं. तिथे नळीत गेज लावावा लागतो. दाब बरोबर असेल तर सुईखालचा कचरा किंवा भोक पडलेला फ्लोट बघा. जास्त असेल तर पंपाखाली जाड पॅकिंगऐवजी कुणी पातळ टाकलंय का, ते पाहा. आमच्या मते हा क्रम पाळणं हीच खरी मिस्त्रीगिरी. पार्ट बदलून पाहणं कुणालाही जमतं.

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. पण सांभाळून ठेवलेल्या पद्मिनी आहेतच, आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यांचं जुनं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. तेव्हा कार्बोरेटर खोलण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. तिला पेट्रोलचा वास आला, तर आधी पंपाचा डायफ्रॅम तपासायचा.