चार भावांचा वाटा

भाऊबंदकी हा शब्द आपल्या भाषेंत भांडणाचाच वाचक होऊन बसला आहे. एका चुलीवर वाढलेले भाऊ वाटणीच्या वेळीं एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, कीं त्यास अपवाद आढळला म्हणजे कुतूहल वाटल्यावांचून राहत नाहीं. अमेरिकेंतील चेंबर्स बंधूंचा वाद्यवृंद हा असा एक अपवाद होय. सोल आणि सायकेडेलिक रॉक या दोन प्रकारांचा संगम करणारे म्हणून संगीताच्या इतिहासांत त्यांची नोंद झाली आहे. परंतु त्यांच्या चरित्रांत वाटणीचा प्रश्न अगदीं निराळ्या रूपानें उभा राहतो, आणि तोच विशेष विचार करण्यासारखा आहे.

जॉर्ज, विली, लेस्टर आणि जो हे चौघे मिसिसिपी संस्थानांतील कार्थेज गांवच्या परिसरांतले. त्यांचें कृष्णवर्णीय कुटुंब दुसऱ्याची जमीन वाट्यानें कसून पोट भरी. या पद्धतींत जमीन मालकाची व श्रम कुळाचे. बीं-अवजारें आणि किराणा यांची उधारी बहुधा मालकाकडेच. आणि खळें झाल्यावर हिशेबाची वहीही त्याच्याच हातीं. 1865 सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली खरी. पण या वहीनें पुढें कित्येक पिढ्यांना जखडून ठेवलें. या मुलांना एकच विद्या फुकट मिळाली. ती म्हणजे बॅप्टिस्ट चर्चमधील समूहगायन. त्या गायनांत प्रत्येकाचा सूर निराळा असतो. एकानें वरचा धरावा, दुसऱ्यानें खालचा, आणि कोणींही दुसऱ्याचा वाटा गिळूं नये, हा त्याचा नियम. या भावांची खरी वडिलार्जित मिळकत तीच.

1952 सालीं थोरला जॉर्ज सैन्यांत भरती झाला. सुटका झाल्यावर तो लॉस एंजलिस येथें राहिला, व धाकटे भाऊही त्याच्यामागून तेथें गेले. 1954 पासून चौघे मिळून भक्तिगीतें गाऊं लागले. पुढें दहा वर्षें त्यांस फारसें कोणी ओळखत नव्हतें. अ‍ॅश ग्रोव्ह नांवाच्या लोकसंगीताच्या अड्ड्यावर ते गात असत. तेथील परिचयांतून बार्बरा डेन या गायिकेनें त्यांस पुढें आणलें, आणि 1965 च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवांत त्यांचें गाणें झालें. बॉब डिलननें विजेची गिटार घेऊन जाणत्या श्रोत्यांस चकित केलें, तो महोत्सव हाच. याच सुमारास ब्रायन कीनन हा गोरा ढोलवादक त्यांना येऊन मिळाला. वर्णभेदाच्या त्या काळांत चार काळ्या भावांच्या पंक्तीला एक गोरा बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

विली व जो यांनीं रचलेलें 'टाइम हॅज कम टुडे' हें गाणें 1966 सालीं छोट्या रूपांत निघालें. त्याचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. 1967 च्या अखेरीस कोलंबिया कंपनीनें काढलेल्या तबकडींत तेंच गाणें सुमारें 11 मिनिटांचें होऊन आलें. गुरांच्या गळ्यांत असते तसली घंटा त्यांत घड्याळाप्रमाणें टिकटिकते. मध्येंच लय मंदावत जाते, आवाजांचे प्रतिध्वनि एकमेकांवर आदळतात, हास्य व किंकाळ्या ऐकूं येतात, आणि मग ठेका पुन्हां धांवत सुटतो. मादक द्रव्यांच्या धुंदींतील भासांचें हें ध्वनिचित्र, असें पुष्कळांस वाटलें. परंतु नीट ऐकणाऱ्यास त्या कल्लोळाच्या तळाशीं चर्चमधली हांक आणि तिला भावांनीं दिलेली ओ स्पष्ट ऐकूं येते. नवें म्हणून जें लोकांनीं उचलून धरलें, त्याचें मूळ जुनेंच होतें. 1968 सालीं त्याची संक्षिप्त आवृत्ति बिलबोर्डच्या यादींत 11 व्या क्रमांकापर्यंत चढली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या आणि व्हिएतनामचें युद्ध यांनीं होरपळलेल्या त्या वर्षीं, वेळ आली आहे असें बजावणारें गाणें तरुणांना आपलेंच वाटलें, यांत नवल तें काय?

एवढें यश त्यांस पुन्हां लाभलें नाहीं. 1972 सालीं वृंद मोडला. दोनच वर्षांनीं भाऊ पुन्हां एकत्र आले. गाणें मात्र चित्रपटांतून व जाहिरातींतून वाजत राहिलें. आणि येथेंच ती हिशेबाची वही पुन्हां पुढें येते. 1967 पासून 1994 पर्यंत आपणांस ध्वनिमुद्रणांच्या मानधनाचा एक पैसाही मिळाला नाहीं, असें लेस्टरनें 2012 सालीं जाहीर केलें. म्हातारपणीं त्याच्या मदतीस आलें तें रसिकांचें औदार्य. बापानें दुसऱ्याच्या शेतांत पीक काढावें आणि मुलानें दुसऱ्याच्या तबकडींत. पिकाचा प्रकार बदलला, वही बदलली नाहीं!

कीनन 1985 सालीं, जॉर्ज 2019 सालीं व जो 2024 सालीं निवर्तला. कलावंताची कीर्ति झाली म्हणजे त्याचें देणें फिटलें, असें आपण सहज मानतों. परंतु कीर्तीनें कोणाची चूल पेटत नाहीं. या भावांनीं सुरांची वाटणी कधीं चुकविली नाहीं. ज्यांच्या हातीं पैशाची वाटणी होती, त्यांना तेवढा साधा नियम पाळतां आला नाहीं.