रानपिंगळ्याची चिठ्ठी

यावल-फैजपुराकडील केळींच्या बागांतून जातांना उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ सतत सोबत करते. आम्हां खानदेशी लोकांस ती इतकी परिचयाची आहे कीं, तिच्याकडे लक्ष देऊन पाहण्याचें आम्हीं जवळजवळ सोडूनच दिलें आहे. इतिहास शिकवितांनाही आमची दृष्टि निराळी नव्हती. १६०१ त अकबरानें अशीरगड घेतला व फारुकी राजवट संपली. १८२५ त औटरमनें भिल्लांची पलटण उभी केली. येवढ्यापुरताच सातपुडा आमच्या टिपणांत येत असे. डोंगर म्हणजे सैन्याची वाट किंवा वाटेंतील अडचण! त्या डोंगराला स्वतःचा कांहीं इतिहास असेल आणि तो एका वीतभर पक्ष्यावरून सांगतां येईल, हें आमच्या गांवींही नव्हतें.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. पडक्या भिंतींत आणि जुन्या वडांत राहणाऱ्या आपल्या पिंगळ्याचाच हा भाऊबंद. मात्र ह्याचें डोकें मोठें, पंजे दणकट, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहींत आणि पोटाचा भाग शुभ्र. घुबडांच्या कुळांतला असूनही हा दिवसाउजेडीं वावरतो. १८७२ त ब्ल्यूइट नांवाच्या गृहस्थास आजच्या छत्तीसगडांतील बसन्याजवळ त्याचा पहिला नमुना मिळाला व पुढील वर्षीं ॲलन ह्यूम यांनीं त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतों, तेच हे ह्यूमसाहेब. पक्षिशास्त्र हा त्यांचा दुसरा ध्यास होता.

ह्या कथेंत आपला खानदेश येतो तो यानंतर. पूर्व व पश्चिम खानदेश ही वांटणी १९०६ त झाली; तत्पूर्वीं सारा मुलूख एकच असतांना, १८८० च्या सुमारास, जेम्स डेव्हिडसन नांवाचा मुलकी अधिकारी येथें होता. शहादें-तळोदें भागांत त्यानें रानपिंगळ्याचे कांहीं नमुने मिळविले आणि प्रत्येकाच्या पायास स्थळकाळाची चिठ्ठी बांधली. त्याचे नमुने पुढें विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन पडले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसल्याचा खात्रीचा पुरावा राहिला नाहीं.

पुरावा नव्हता म्हणावें, तर एक होता. आणि घात त्यानेंच केला. कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाजवळ रानपिंगळ्याचा एक नमुना होता व त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेंतील मांडवीचें नांव आणि १९१४ हें साल होतें. मोठ्या माणसाच्या अक्षरावर कोण संशय घेणार? त्या चिठ्ठीनें पुढील शोधकांची दिशाभूल केली. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनीं तो नमुना बारकाईनें तपासला, तेव्हां निराळेंच निघालें. तो पक्षी डेव्हिडसनचाच होता! कर्नलसाहेबांनीं तो संग्रहालयांतून लांबविला, त्याचें रूप बदललें आणि त्यास खोटी चिठ्ठी बांधली.

खोटी चिठ्ठी बाजूस सारल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरील जुनीं गांवें तेवढीं उरलीं. रासमुसेनबाई, बेन किंग व डेव्हिड ॲबट हीं मंडळी आधीं पूर्वेकडे हिंडलीं. तेथें हातीं कांहीं लागलें नाहीं. मग तीं खानदेशांत आलीं. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळीं शहाद्याजवळ, तोरणमाळच्या डोंगरांच्या पायथ्याशीं, एका निष्पर्ण झाडावर उन्हांत बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनंतर! शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ च्या जुलईंत तें नव्या नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. पुढें मेळघाटांत व यावलच्या अभयारण्यांतही ह्या पक्ष्याची नोंद झाली.

हें वाचल्यावर आम्हांस घरीं बसवेना. गेल्या माघांत आम्ही पालवरून यावल अभयारण्यांत गेलों. १९६९ त राखून ठेवलेलें हें रान सुमारें १७७ चौरस किलोमीटरांचें आहे. सागाचीं पानें गळून पडलीं होतीं आणि पायांखालीं त्यांचा एवढा आवाज होई कीं, बोलावयाची सोय नव्हती. एका सालईच्या उघड्या फांदीवर एक लहानसें घुबड बसलेलें पाहून आमचें काळीज धडधडूं लागलें. आम्हीं टिपणवही उघडली, तारीख घातली, आणि 'रान' हीं दोन अक्षरें लिहिलींही. इतक्यांत बरोबरचा तरुण पावरा वाटाड्या हळूच म्हणाला, "साहेब, डोक्यावर ठिपके पाहा. हा साधाच पिंगळा."

खरें सांगावयाचें तर, क्षणभर तीं दोन अक्षरें खोडावयास हात धजेना. घरीं मुलांना सांगावयाचें होतें, मित्रांना दाखवावयाचें होतें; आणि वही तपासावयास कोण येणार होतें? त्या एका क्षणांत कर्नलसाहेब आम्हांस जितके जवळचे वाटले, तितके ग्रंथांतून कधींच वाटले नव्हते. आम्हीं तीं अक्षरें खोडलीं आणि पुढें 'साधा पिंगळा, पालजवळ' असें लिहिलें.

रानपिंगळा आजही दुर्मिळ आहे. त्याला घरट्यासाठीं जुन्या झाडांच्या ढोली लागतात, आणि जुनीं झाडें तर कुऱ्हाडीखालीं आधीं जातात. उद्यां तो एखाद्या रानांतून नाहींसा झाला, तर तो तेथें होता हें कशावरून ठरणार? कोणीतरी आज लिहिलेल्या खऱ्या ओळीवरूनच. आणि तो नसतांना 'आहे' म्हणून लिहिणारा माणूस, तोडणाऱ्याइतकाच त्या रानाचा वैरी होय. चाळीस पानांच्या प्रबंधाला जें साधत नाहीं, तें डेव्हिडसनच्या बोटभर चिठ्ठीनें शंभर वर्षांनीं साधलें. आमच्या वहींतील त्या खोडलेल्या ओळीचा उपयोग तेवढा होईल असें नाहीं. पण तिनें कोणाची वाट तरी चुकणार नाहीं.